यंत्र किती विटा पाडील?

मंडळी, मातीच्या विटा दाबून काढणारे यंत्र घ्यायला गेलात, की पहिल्याने एकच आकडा कानावर येतो : ‘तासाला इतक्या विटा!’ त्या आकड्यावर माणूस कर्ज काढतो, पावसाळ्याआधी भिंती उभ्या करायचा बेत करतो. तेव्हा हा आकडा येतो कोठून, ते आधी पाहायला हवे.

सतराव्या शतकात फ्रान्समध्ये पास्कल यांनी दाखवून दिले, की कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो. त्याच तत्त्वावर १७९५ साली इंग्लंडात जोसेफ ब्रामा यांनी द्रवदाबाच्या यंत्राचे पेटंट घेतले. लहान दट्ट्या दाबायचा आणि मोठ्या दट्ट्याकडून कितीतरी पट जोर घ्यायचा! पण निसर्ग फुकट काही देत नाही. जोर जितक्या पटीने वाढतो, तितक्याच पटीने मोठ्या दट्ट्याची चाल कमी होते. हिशेबाची गोम येथेच आहे.

पुढे १९५६ मध्ये कोलंबियातील बोगोटा शहरी, चिलीचे इंजिनियर राउल रामिरेझ यांनी ‘सिन्वा-राम’ हे यंत्र बनवले. त्यात तेल नाही, पंप नाही. लांब दांडा आणि माणसाचे बळ. वीट २९ × १४ × ९ सेंटिमीटरची. दिवसाला सुमारे ३०० ते ५०० विटा, असा त्याचा अंदाज धरीत. म्हणजे मिनिटाला फार तर एक.

आता तेच काम पंपावर चालवून बघा. समजा, नळकांड्याचा व्यास १२ सेंटिमीटर. म्हणजे छेद ११३ चौरस सेंटिमीटर. दट्ट्याची चाल २० सेंटिमीटर. एका चालीला तेल लागेल सुमारे सव्वादोन लिटर. पंप मिनिटाला २७ लिटर तेल देत असेल, तर दाबायला ५ सेकंद. दट्ट्या परत यायला ४, माती भरून वीट बाहेर काढायला ६ धरा. झाले १५ सेकंद. मिनिटाला ४, तासाला २४० विटा!

कागदावर हिशेब बरोबर आहे. पण माती कोण देणार? वर सांगितलेल्या मापाची दाबलेली वीट साधारण ७ किलोंची. २४० विटांना १,६८० किलो माती हवी. तीही चाळलेली आणि बेताची ओली. १५ किलोंचे घमेले धरले, तर तासाला ११२ घमेली. मिनिटाला जवळजवळ दोन. तुमची माणसे ६० घमेलीच देऊ शकली, तर विटा निघतील १२८. पंप कितीही दांडगा असो, उरलेला वेळ तो नुसता घरघरत बसेल.

गुरुजींनी हा हिशेब मुलांकडून फळ्यावर करून घ्यावा. आणि यंत्र घेणाऱ्यांनो, पंपाचा आकडा विचारा, पण त्याआधी आपली घमेली मोजा. साखळीतली सगळ्यांत संथ कडी कोणती, ते कळले, की विटांचा खरा आकडा कळला. आणि कर्जाचा हप्ता त्याच आकड्यावर बेतावा.