मांडीवरची मराठी

गायकवाडांच्या फौजेबरोबर, आणि पुढे त्यांच्या कचेऱ्यांतील चाकरीसाठी, आपले पूर्वज नर्मदा ओलांडून बडोद्यास आले. 1734 साली बडोदे गायकवाडांच्या हाती कायमचे आले. तेव्हापासून मोजले तर ही वस्ती जवळजवळ तीनशे वर्षांची होते. हा इतिहास आपण वाडे, देवळे, सनदा आणि दप्तरे यांच्या आधाराने सांगतो. पण आज आपल्या घरांत जी मराठी ऐकू येते, तिचा इतिहास कोणत्याही दप्तरात नाही. तो आहे अजून बोलताही न येणाऱ्या तान्ह्या बाळाशी चालणाऱ्या खेळात.

या खेळाला खेळणे लागत नसे. खेळणी नव्हती असे नाही. सावंतवाडीची रंगीत लाकडी खेळणी प्रसिद्धच होती, आणि बडोद्याजवळच्या संखेड्याचे लाखकामही. पण तीन-चार महिन्यांच्या बाळाला त्यांचे काय? त्याला हवा असतो जवळचा चेहरा, ओळखीचा आवाज आणि ऊबदार हात.

सुरुवात बारशालाच होई. पाळण्याखालून-वरून बाळ हातोहात फिरे, आत्या कानात ‘कुर्र’ करून नाव सांगे. पुढे रोज सकाळी आजी पाय लांब करून बसे, बाळाला पायांवर घेऊन तेल चोळी, न्हाऊ घाली, आणि एकेका अवयवाचे नाव घेत त्याच्याशी बोले. दुपारी पदराआड तोंड लपवून ‘भो’ करायचे. तळहातावर बोट टेकवत मोराला दाणे टिपायला बोलवायचे आणि मग तो उडून गेला म्हणून बोट वर न्यायचे. टाळ्या वाजवायच्या, पायांवर झुलवायचे. थोडे मोठे झाले की अंगणात नेऊन काऊचा एक घास, चिऊचा एक घास. यात बाळाची वेळ जाई, हे खरेच. पण त्याबरोबर नाक, कान, हात, पाय, काऊ, माऊ, चांदोबा हे शब्द स्पर्शासह त्याच्या अंगात मुरत.

हा वारसा बडोद्याच्या वस्तीहून फार जुना आहे. शेणाच्या आणि मेणाच्या घराची पाखरांची गोष्ट तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या ‘लीळाचरित्रा’त आहे, तीही चक्रधरस्वामींनी मुलांना सांगितलेली. सातशे वर्षे ती लिहून ठेवलेल्या पोथीपेक्षा आजीच्या तोंडूनच अधिक फिरली. बडोद्याच्या घरांत सुना येत त्या कोणी पुण्या-साताऱ्याहून, कोणी कोकणातून, कोणी खानदेशातून. प्रत्येकीच्या माहेरची अंगाई वेगळी. त्या साऱ्या इथे एका माजघरात एकत्र आल्या.

शेजारच्या गुजरातीचीही त्यांना साथ मिळाली. कित्येक मराठी घरांत बाळ झोपे गुजराती पद्धतीच्या घोडियुंत आणि कानावर पडे मराठी अंगाई. शेजारीण मांडीवर घेई तेव्हा हालरडुंही ऐके. त्याने मराठी बिघडली नाही. मुले दोन्ही भाषा सहज बोलू लागली.

1906 साली सयाजीराव महाराजांनी संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. पुस्तके आली, ग्रंथालये आली. पण शाळेत येणारे मूल पाच-सहा वर्षांची भाषा घेऊनच येते. पाटीवर पहिले अक्षर उमटण्याआधी मांडीवरचे काम झालेले असे.

आज हेच काम अडले आहे. आपल्या नातवंडांच्या घरी खेळण्यांना तोटा नाही. बटण दाबले की ती इंग्रजीत गातात. आईवडील दमून येतात, मोबाइल बाळाला शांत ठेवतो, आणि आजी-आजोबा वेगळ्या गावी असतात. यात कोणाला दोष द्यावा? परंतु एक गोष्ट ध्यानात घ्यावी. 2003 साली पॅट्रिशिया कूल यांच्या गटाने अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध केला. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी चिनी भाषेत प्रत्यक्ष बोलणारी, खेळणारी माणसे बारा वेळा बसली. ती बाळे त्या भाषेतले ध्वनी ओळखायला शिकली. तेच पडद्यावरून ऐकवले, तर ती काहीच शिकली नाहीत. आपल्या आज्यांनी प्रयोगशाळा पाहिली नव्हती, पण बाळासमोर माणूस बसावे लागते हे त्या जाणत होत्या.

म्हणून यंदाच्या गणेशोत्सवात आपण ठरवू या. मांडवात नाटके, व्याख्याने होतीलच. त्याबरोबर ज्यांच्या घरी तान्हे बाळ आहे, त्यांनी ते दहा मिनिटे आजीच्या पायांवर द्यावे. आजी दूर असेल तर तिच्याकडून दोन खेळ शिकून घ्यावेत. बाबांनी, काकांनीही शिकावेत; हे काम बायकांचेच असे कुठे लिहिलेले नाही. खर्च काही नाही, जागाही फारशी लागत नाही. सनदांवर मिळालेली वतने गेली, कित्येक वाडे पडले. मांडीवरची मराठी मात्र अजून आपल्या हातात आहे.