इर्शाळवाडी: हातातून गेलेले तास

१७ जुलै २०२३. रायगड जिल्ह्यातला खालापूर तालुका. इर्शाळगडाच्या कुशीत ठाकरांची वाडी. वर गाडीरस्ता नाही. पायवाटेनं तासा-दीड तासाची चढण. पावसानं जोर धरलेला.

१८ जुलै. पाऊस हटत नाही. खाली काळा पाषाण, वर मातीचा थर. फटींतून मुरणारं पाणी दोघांमधली पकड सैल करत जातं.

१९ जुलै, सकाळ. रायगडला रेड अलर्ट. तीन दिवसांत या भागात ४९९ मिलिमीटर पाऊस झाला. आमच्या तुळजापूरला अख्ख्या वर्षात पडतो त्याच्या निम्म्याहून अधिक!

दुपार. माणसं हलवायला अजून वेळ होता. वेळ हातात असताना काय करता येतं ते कॅनडात दिसतं. तिथल्या रॉजर्स पास घाटात १९१० साली हिमकडा कोसळून ५८ रेल्वे कामगार गाडले गेले. आज तिथं बर्फ साचला की आधी रस्ता रिकामा करतात आणि मग लष्कराचे तोफखान्याचे जवान १०५ मिलिमीटरच्या तोफेतून नेमक्या उतारावर गोळे डागतात. कच्चा थर तुटतो, बर्फ माणसानं ठरवलेल्या वेळी खाली येतो. सह्याद्रीत हे चालणार नाही. भिजलेला डोंगर हादरवला तर तो कुठवर येईल याचा नेम नाही, आणि खाली घरं आहेत. पण तोफ डागण्याआधीची शिस्त तरी आणता येते ना? उतारावर रोज नजर ठेवायची, पावसानं ठरलेला आकडा ओलांडला की माणसं खाली आणायची. माळीण गावावर दरड कोसळून १५१ जीव गेले त्याला नऊ वर्षं होत आली होती. तरी इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती. मला सगळ्यात जास्त सलतं ते हेच.

संध्याकाळ. पाऊस तसाच. त्या निसरड्या वाटेनं म्हाताऱ्या-कोताऱ्यांना, लेकरांना उतरवायचं तर आता उजेडही उरला नव्हता.

रात्री साडेदहा ते अकरा. दरड आली. बहुतेक घरं झोपेत होती. शाळेत असलेली काही मुलं वाचली.

मध्यरात्र. मदतीचे लोक टॉर्चच्या उजेडात चढू लागले. नवी मुंबई अग्निशमन दलाचे एक अधिकारी चढतानाच हृदयविकारानं गेले.

२० जुलै. जेसीबी वर नेता येईना, हवा खराब म्हणून हेलिकॉप्टर उडेना. कुदळ, फावडं, घमेलं घेऊन एनडीआरएफचे जवान आणि ट्रेकर पोरं चिखल उपसत राहिली.

२३ जुलै. शोध थांबवला. २७ मृतदेह मिळाले होते. ५७ जण सापडलेच नाहीत.