हातातून हातात

बोम्मसंद्र्याच्या कारखान्यांच्या गजबजाटात समुद्राचे स्मरण होण्याचे कारण नाही. तथापि ज्या बंगळूर प्रांताची जहागीर शहाजीराजांकडे होती त्याच्याच परिसरातले हे गाव. आणि त्यांच्याच पुत्राने पुढे समुद्रावर आपली सत्ता उभारिली.

१६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती येताच शिवाजी महाराजांनी तेथे जहाजबांधणी आरंभिली. कामावर रुय लैतांव व्हियेगस व त्याचे पोर्तुगीज सहकारी होते. १६५९ च्या सुमारास वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याने त्यांना फितविले व ते निघून गेले. काम मात्र थांबले नाही. गुरू गेले, पण कोकणच्या कारागिरांच्या हातांनी आरमार वाढतच राहिले.

लाकडी प्रतिकृती करू पाहणाऱ्यासही हातानेच शिकावे लागते. आधी तळाचा कणा सरळ बसवावा, मग फासळ्या, त्यानंतर दोन्ही बाजूंस आळीपाळीने फळ्या. एकाच बाजूची घाई केली तर कणाच पिळवटतो. गलबतास ४०-५० वल्ही असत, हे वाचून विसरता येते. ती एकेक तासताना मात्र त्यांमागचे मनुष्यबळ उमगते.

परप्रांती वाढणाऱ्या आपल्या मुलांना इतिहासाचा याहून चांगला धडा कोणता द्यावा? विद्या ग्रंथात टिकते. कसब मात्र एका हातातून दुसऱ्या हातात गेले तरच जगते.