भोंगा कोणासाठी?

शाळकरी मुलांच्या हातातला मोबाइल हा आजचा विषय. त्याचा इतिहास पाच-सहा वर्षांचाच, तरी आपण तो विसरत चाललोय.

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या. त्याआधी आपण मुलांना सांगत होतो, मोबाइलला हात लावू नकोस. मग 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' ही मोहीम आली आणि त्याच मुलांना आपण म्हणालो, मोबाइल घेऊन बस. घरात फोन एकच असेल, तर वडील कामावर निघाले की वर्गही त्यांच्या खिशातून निघून जायचा. ग्रामीण भागात पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हा भरायला डिसेंबर 2021 उजाडला. वाचायला शिकायचं वय शाळेविना गेलं. अभ्यास सुटला, फोन मात्र हातात राहिला.

मग गावं जागी झाली. ऑगस्ट 2022 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने संध्याकाळी सातला भोंगा वाजवायला सुरुवात केली. साडेआठपर्यंत टीव्ही आणि मोबाइल बंद, मुलं अभ्यासाला. त्यासाठी अंगणवाडी सेविका, आशाताई, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. पुढे नोव्हेंबरमध्ये आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात, पुसद तालुक्यातल्या बांसीच्या ग्रामसभेने अठरा वर्षांखालच्यांना मोबाइलबंदीचा ठराव केला.

दोन्हीकडची कळकळ खरी. पण फरक बघा. बांसीचा नियम मुलांसाठी होता. वडगावच्या भोंग्याने आईची मालिका आणि बापाचा मोबाइलही थांबवला.

प्लेटोच्या 'फीड्रस' संवादात इजिप्तचा एक राजा लेखनकलेवरच शंका घेतो. लिहून ठेवायची सवय लागली की माणसं स्मरण सोडून देतील, असं त्याला वाटतं. म्हणजे नव्या साधनाची भीती जुनीच. पण लेखन माणसाला मध्येच हाका मारत नाही, फोन मारतो. युनेस्कोच्या 2023 च्या अहवालाने नोंदवलंय की, एकदा विचलित झालेलं लक्ष पुन्हा अभ्यासावर यायला वीस मिनिटंही लागू शकतात. वडगावच्या नव्वद मिनिटांचं मोल यावरून कळतं.

तेव्हा लोहाऱ्यातल्या पालकांना आमचं एवढंच सांगणं आहे. फोन 2020 मध्ये मुलांच्या हातात आपणच दिला. तो बाजूला ठेवायला शिकवायचं, तर आधी आपला ठेवावा लागेल. व्याख्यान ऐकताना किती जणांनी खिशातला फोन काढून पाहिला, ते आम्ही मोजलेलं नाही. तुम्हीच मोजा.