सुझान लांग्लेनचा अपराध

सन १९२६ मध्ये २७ वर्षांच्या एका फ्रेंच स्त्रीने पैसे घेऊन टेनिस खेळण्याचा करार केला, आणि जे सभ्य जग कालपर्यंत तिच्यावर फुले उधळीत होते, त्याच जगाने तिला पंक्तीतून उठविले. तिचे नाव सुझान लांग्लेन. तिचा अपराध नेमका कोणता, हे तपासून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

तिचा जन्म पॅरिस येथे २४ मे १८९९ रोजी झाला. वडील शार्ल हेच तिचे गुरू, आणि मोठे कडक. कोर्टावर जागोजाग हातरुमाल पसरून त्यांवर चेंडू नेमका पाडण्याची तालीम ते मुलीकडून करून घेत, असे सांगतात. १९१४ साली तिने पॅरिसनजीक जागतिक पदक मिळविले आणि लगेच महायुद्ध पेटले. त्यामुळे विंबल्डनने तिला पाहिले ते १९१९ साली. समोर सात वेळा विजयी झालेल्या, चाळिशीच्या उंबरठ्यावरील डोरोथिया लँबर्ट चेंबर्स. राजा पंचम जॉर्ज व राणी मेरी प्रेक्षकांत. दोनदा असा प्रसंग आला की, बाईंस एकच गुण मिळता तर सामना संपला असता. परंतु १०-८, ४-६, ९-७ असा जय अखेर सुझानचा झाला. मध्यंतरी ती ब्रँडीचे घुटके घेत होती, हे आमच्या कित्येक वाचकांस रुचणार नाही. तिचा आखूड झगा तर त्या काळच्या इंग्रजांसही रुचला नव्हता. पण तो पाहावयास लोटणारी गर्दी मात्र सर्वांस हवी होती!

पुढे विंबल्डनचे एकेरी विजेतेपद तिने एकंदर सहा वेळा जिंकले. फेब्रुवारी १९२६ मध्ये कान येथे अमेरिकेच्या हेलन विल्सशी तिचा सामना झाला, तेव्हा तिकिटांस वाटेल तो भाव आला आणि लोक झाडांवर चढून बसले. ती ६-३, ८-६ अशी जिंकली. तिकिटांचा पैसा गेला तो आयोजकांकडे.

येथेच खरी मेख आहे. खेळाडूने हौशी असावे, हा दंडक ज्यांच्या घरी पिढीजात धन होते त्यांनीच घातला होता. आणि प्रवासखर्चाच्या नावाखाली हौशी खेळाडूंच्या हाती गुपचूप पैसे ठेवण्याची चालही सर्रास होती. आपल्या खेळावर दुसऱ्यांनी लक्षावधी फ्रँक मिळविले आणि आपण मात्र प्रवेशशुल्क भरीत राहिलो, असे सुझानचे म्हणणे होते. त्याच वर्षी विंबल्डनला वेळेच्या घोटाळ्यामुळे राणीस तिष्ठत बसावे लागले, वृत्तपत्रे तिच्यावर तुटून पडली आणि तिने स्पर्धा सोडली. ऑगस्टमध्ये अमेरिकन व्यवस्थापक पाइल याने ५०,००० डॉलर देऊ केले, ते तिने उघडपणे घेतले.

त्या दौऱ्यात मेरी ब्राउनविरुद्धचे सर्वच्या सर्व ३८ सामने ती जिंकली. खेळ म्हणून त्यांत फारशी गोडी राहिली नसावी, हे आम्ही कबूल करतो. विंबल्डनचे दार मात्र तिला कायमचे बंद झाले. पुढे पॅरिस येथे शाळा काढून ती मुलांना टेनिस शिकवू लागली. ४ जुलै १९३८ रोजी, वयाच्या अवघ्या ३९ व्या वर्षी, रक्तक्षयाने तिचा अंत झाला.

धंदेवाईकांस विंबल्डन व फ्रेंच स्पर्धा खुल्या झाल्या त्या १९६८ साली. पॅरिसच्या त्या स्पर्धेत एकेरीत जिंकणाऱ्या स्त्रीस आज जो चषक मिळतो, त्यास सुझान लांग्लेनचे नाव आहे. चषकाबरोबर पैसेही मिळतात.