सरकणारा शून्य

पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझ्या वाट्याला आलेलं पहिलं काम अजिबात भारी नव्हतं. लॅबच्या कपाटात पाऱ्याचे काही जुने थर्मामीटर पडून होते. "यातले कुठले ठेवायचे ते बघ, सगळ्यांचा शून्य तपासून घे," असं मॅडमनी सांगितलं. डिस्टिल्ड वॉटरचा बर्फ करायचा, बारीक फोडायचा, थर्मासमध्ये भरायचा, वर थोडं थंड पाणी घालायचं आणि त्यात थर्मामीटर उभा करून वाट बघायची. बाकीचे ठीक निघाले. एक मात्र ०.४ वर थांबला. पुन्हा केलं, पुन्हा ०.४. मी वहीत लिहिलं, 'इन्स्ट्रुमेंट एरर +०.४, सगळ्या रीडिंगमधून वजा करणे' आणि काम संपलं असं समजले.

मॅडमनी वही बघितली आणि विचारलं, "वजा कर, हरकत नाही. पण शून्य सरकला कशामुळे?"

उत्तर येईना. पारा तोच आहे, कुठे फुटून सांडलेला नाही. खुणा काचेवर कोरलेल्या आहेत, त्या हलणार नाहीत. मग उरली फक्त काच. आणि काच कशी बदलेल? या प्रश्नामागे लागून मी जे वाचलं त्यात एकोणिसाव्या शतकातला काचेचा अख्खा उद्योग आला. तेच आज सांगते.

आधी थोडं फिजिक्स. वितळलेली काच थंड होताना स्फटिकासारखी नीट रचून बसत नाही. आतले अणू जिथे असतील तिथेच अडकतात. म्हणजे काच घट्ट झाली तरी 'बसलेली' नसते. नंतर वर्षानुवर्षं ती अगदी थोडी थोडी आकसत राहते. इतर कुठल्या वस्तूत हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. थर्मामीटरचा फुगा मात्र याबाबत फार चुगलखोर आहे. काचेतल्या पाऱ्याचं दिसणारं प्रसरण दर अंशाला मूळ आकारमानाच्या साधारण सहा हजारांत एक भाग इतकंच असतं. त्यामुळे फुगा पंधरा हजारांत एक भाग जरी आकसला, तरी पारा नळीत ढकलला जातो आणि रीडिंग ०.४ अंश सेल्सियसने वर जातं. आमच्या कपाटातल्या थर्मामीटरचं नेमकं हेच झालं असणार.

हे चिकाटीने मोजणारा माणूस म्हणजे जेम्स जूल. तोच, ज्याच्या नावाचं एकक आपण रोज लिहितो. त्याने १८४४ पासून १८८२ पर्यंत, तब्बल ३८ वर्षं, आपला एक थर्मामीटर मधून मधून बर्फात घालून त्याचा शून्य नोंदवला. या काळात तो साधारण १ अंश फॅरनहाइट वर चढला. सुरुवातीला भराभर, नंतर हळूहळू, पण थांबला असा नाहीच. आता हेही आठवा की जूलच्या पाणी घुसळण्याच्या प्रसिद्ध प्रयोगात पाण्याचं तापमान जेमतेम अर्धा अंश फॅरनहाइटच्या आसपास वाढत होतं! म्हणजे त्याच्या थर्मामीटरची आयुष्यभराची चूक मोजायच्या राशीपेक्षा मोठी. तरी त्याचं उत्तर बिघडलं नाही, कारण तो फरक मोजत होता. सरकलेला शून्य वजाबाकीत निघून जातो. फक्त एक अट आहे, तो प्रयोगाच्या मध्येच सरकता कामा नये.

तो मध्येच सरकतो, ही खरी अडचण. थर्मामीटर उकळत्या पाण्यात ठेवला आणि लगेच बर्फात घातला, की फुगा पूर्ण आकसून मूळ जागी येत नाही, थोडा फुगलेलाच राहतो. मग पारा शून्याच्या खाली उतरतो. काही दिवसांनी तो परत वर येतो. याला त्या काळी शून्याचं अवनमन म्हणत. वर्षानुवर्षं वर चढणारा शून्य निराळा आणि तापवल्यावर तात्पुरता खाली जाणारा निराळा. दोन्हींचं मूळ काचेतच.

हे वाचलं तेव्हा मला माझा एमएस्सीचा प्रोजेक्ट आठवला आणि पोटात गोळा आला. गोठणबिंदू किती खाली जातो त्यावरून मोलर मास काढायचं होतं. मी सकाळी शुद्ध पाण्याचा गोठणबिंदू घ्यायचे, मग दिवसभर द्रावणांचे. दोन रीडिंगच्या मध्ये थर्मामीटर स्वच्छ निघावा म्हणून उकळत्या पाण्याने धुवायचे! मोलर मास दर वेळी थोडं कमी येत होतं. मी रिपोर्टमध्ये 'नमुन्यातील अशुद्धी' असं कारण लिहून मोकळी झाले आणि कुणी काही विचारलंही नाही. काचेचं अवनमन आकडे नेमके त्याच दिशेने ओढतं. ती चूक काचेचीच होती हे आता सिद्ध करता येणार नाही, कारण कुठलं रीडिंग धुतल्यावर किती वेळाने घेतलं ते मी लिहिलेलंच नाही. ते कोष्टक बाइंड होऊन कॉलेजच्या लायब्ररीत बसलंय.

आता मूळ गोष्टीकडे. १८८०च्या दशकात जर्मनीत हा प्रश्न ऐरणीवर आला. तिथले थर्मामीटर बहुतेक थुरिंगियाच्या डोंगराळ भागात बनत आणि त्यांची बदनामी व्हायला लागली होती. बर्लिनच्या वजन-मापांच्या आयोगात काम करणाऱ्या वीबेने वेगवेगळ्या काळातले थर्मामीटर तपासले. निकाल उलटाच आला. अलेक्झांडर फॉन हम्बोल्टचा १८३५ च्या आधीचा थर्मामीटर सगळ्यात चांगला निघाला, त्याचं अवनमन फक्त ०.०६ अंश. १८७८ सालच्या एका थर्मामीटरचं मात्र ०.६५ अंश. म्हणजे चाळीस-पन्नास वर्षांत उद्योग पुढे गेला होता आणि माल दसपट बिघडला होता.

कारण काचेच्या पृथक्करणात सापडलं. काच वितळावी म्हणून वाळूत अल्कली घालावी लागते. जंगलातल्या भट्ट्यांवर ती लाकडाच्या राखेतून येई, म्हणजे पोटॅश. हम्बोल्टच्या थर्मामीटरच्या काचेत जवळपास सगळी अल्कली पोटॅशच होती. नंतरच्या काचांमध्ये पोटॅशबरोबर सोडा वाढत गेलेला दिसतो. तोवर मिठापासून कारखान्यात बनणारा सोडा स्वस्त झाला होता, त्यामुळे भट्टीवाल्यांनी तो मिसळला यात नवल नाही, असा माझा तर्क. मिश्रणाने काच वितळायलाही सोपी होते. रुडॉल्फ वेबरने १८८३ मध्ये दाखवलं की एकटा सोडा चालतो, एकटा पोटॅशही चालतो, पण दोन्ही भरपूर असले की अवनमन एकदम वाढतं. घटक चांगला की वाईट असा हा मामलाच नव्हता, जोडी वाईट होती. एका वेळी एकच व्हेरिएबल बदलून बघणाऱ्याला हे सापडलं नसतं. आज याला मिश्र अल्कली परिणाम म्हणतात आणि त्यावर अजूनही पेपर येतात, कारण तो नेमका कसा घडतो यावर पूर्ण एकमत नाही. विषय शोधत असाल तर बघून ठेवा.

हे सगळं ज्याने भट्टीत उतरवलं तो ऑटो शॉट. घरचा व्यवसाय खिडक्यांच्या काचेचा, पीएचडीचा विषयही तोच. १८७९ च्या मे महिन्यात त्याने येना विद्यापीठातल्या एर्न्स्ट आबेला पत्र लिहिलं. ओळखपाळख नाही. आपण आज प्राध्यापकांना पाठवतो तसलंच पत्र. फरक एवढाच की शॉटने स्वतः बनवलेली लिथियमची काच सोबत नमुना म्हणून देऊ केली होती. आबे हा त्सायसच्या सूक्ष्मदर्शकांमागचा गणिती. नव्या गुणधर्मांची काच मिळाल्याशिवाय सूक्ष्मदर्शक पुढे जाणार नाही, असं तो आधीच लिहून बसला होता. ती लिथियमची काच भिंगांसाठी काही कामाची निघाली नाही. पण आबेने ती मोजली, आकडे कळवले आणि पत्रव्यवहार सुरू राहिला. १८८४ मध्ये शॉट, आबे, कार्ल त्साइस आणि त्याचा मुलगा रोडरिश यांनी येनात काचेची प्रयोगशाळा काढली. दोन वर्षांनी त्यांच्या पहिल्या यादीत भिंगांच्या काचेचे ४४ प्रकार होते. त्यातल्या काही फॉस्फेट आणि बोरेट काचा दमट हवेत खराब व्हायच्या म्हणून पुढे बंद कराव्या लागल्या, हे मात्र कौतुकाच्या लेखांत सहसा येत नाही.

थर्मामीटरसाठी शॉटने '१६-तीन' नावाची काच केली. त्यात ६७.५ टक्के सिलिका, १४ टक्के सोडा, चुना आणि झिंक ऑक्साइड प्रत्येकी ७ टक्के, बाकी थोडं ॲल्युमिना आणि बोरॉनचं ऑक्साइड. पोटॅश शून्य. अवनमन ०.०५ अंशाच्या आसपास आलं. मग आली '५९-तीन'. ७२ टक्के सिलिका, १२ टक्के बोरॉन ऑक्साइड, ११ टक्के सोडा, ५ टक्के ॲल्युमिना. अवनमन आणखी कमी. बोरॉनचं हे प्रमाण बघून तुमच्या लक्षात आलंच असेल, ही बोरोसिलिकेट. ज्या काचेचे बीकर आपण रोज बर्नरवर ठेवतो, तिची वाट अशी थर्मामीटरच्या शून्यातून निघाली.

पैसा मात्र थर्मामीटरमध्ये नव्हता, तो होता दिव्यांच्या चिमण्यांमध्ये. १८९०च्या दशकात गॅसच्या दिव्यावर जाळीचा मँटल आला आणि ज्योत फार तापायला लागली. साधी चिमणी तडकायची. कंदिलाच्या गरम काचेवर पाण्याचा थेंब पडला की काय होतं ते घरातल्या आजीला विचारा. बोरोसिलिकेट तापवल्यावर कमी फुगते, त्यामुळे तडकत नाही. येनाच्या चिमण्या खपल्या आणि त्यावर कारखाना उभा राहिला.

मग १९१४ चं महायुद्ध. जर्मनीचा माल थांबला आणि ब्रिटनच्या प्रयोगशाळांना फ्लास्क मिळेनात. शेफील्ड विद्यापीठात टर्नरने १९१५ मध्ये काचेचा स्वतंत्र विभाग काढला तो या टंचाईतून. अमेरिकेत कॉर्निंग कंपनी रेल्वेच्या दिव्यांसाठी तसलीच काच बनवत होती. तिथल्या लिटलटन नावाच्या शास्त्रज्ञाच्या बायकोने, बेसीने, १९१३ मध्ये बॅटरीच्या बरणीचा कापलेला बुडखा घेऊन त्यात केक भाजला आणि १९१५ मध्ये पायरेक्स बाजारात आलं.

आपल्याकडे काचेचा विचार त्याआधीच, स्वदेशीच्या ओघात सुरू झाला होता. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघरी पैसा-पैसा गोळा केलेल्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे इथे काच कारखाना निघाला. लोकमान्यांचा त्याला पाठिंबा होता. जपान आणि अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे होते आणि कारखान्यात काच बनवायचं शिक्षणही दिलं जाई. कराडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील त्यानंतरचा. येनात आणि कराडजवळ, दोन्हीकडे दिव्याच्या काचेनेच कारखाना तगवला हे मला मजेशीर वाटतं.

हे वाचून झाल्यावर मी परत कपाटाकडे गेले. शॉटच्या '१६-तीन' काचेच्या नळीत ओळख म्हणून लालसर जांभळी बारीक रेघ ओढलेली असायची. आमच्या थर्मामीटरवर खिडकीच्या उजेडात बरंच शोधलं. रेघ नव्हती. मग तो अर्धा तास उकळत्या पाण्यात ठेवला, लगेच बर्फात घातला. ०.१. सहा दिवसांनी परत ०.३ च्या वर. वहीतली 'वजा करणे' ही ओळ खोडली आणि शेजारी तारीख, वेळ आणि शेवटचा कधी तापवला ते लिहिलं.