शरीर वस्तुमान निर्देशांक : आशियाई पुरुष

किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की येणारा आकडा, व्यवहारात ‘बीएमआय’. हे गुणोत्तर बेल्जियन सांख्यिकीतज्ज्ञ केतले यांचे, एकोणिसाव्या शतकातले. आजचे नाव अँसल कीज व सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये रूढ केले.

सीमारेषा : आंतरराष्ट्रीय मोजपट्टीत २५ पासून जादा वजन, ३० पासून स्थूलता. जागतिक आरोग्य संघटनेच्या सिंगापूर येथील तज्ज्ञबैठकीने (२००२) या रेषा कायम ठेवल्या, पण आशियाई लोकांसाठी २३ व २७.५ हे सावधगिरीचे टप्पे जोडले. भारतीय तज्ज्ञांच्या २००९ च्या सहमतीनुसार १८ ते २२.९ योग्य, २३ पासून जादा वजन, २५ पासून स्थूलता. रत्नागिरीतल्या एखाद्या दवाखान्यात १६५ सेंमी उंचीचा, ६६ किलोचा पुरुष आला, तर त्याचा निर्देशांक साधारण २४.२ भरतो. आंतरराष्ट्रीय मोजपट्टीने तो ठीक, भारतीय मोजपट्टीने त्याचे वजन सुमारे साडेतीन किलोंनी जास्त. सर्व आशियाई लोकांना एकच रेषा लावावी का, याबाबत मतभेद आहेत.

कारणमीमांसा : आपल्यासाठी रेषा खाली का, याबाबत पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे काम मूलभूत होय. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी लंडनचे जॉन युडकिन यांच्यासोबत स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचा निर्देशांक २२.३; शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावणारे, हे खरे. पण याज्ञिक यांचे जन्मवजन कमी होते, हेही तेथे नोंदवले आहे. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासात नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो आढळले, इंग्लंडमधील साउदम्प्टन येथे ३.५ किलो. आपली बाळे सर्व मापांत लहान होती, पण पाठीवरच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी घटलेली नव्हती. चरबीचा हा कल जन्मतःच दिसत असल्याने पुरुषाच्या पोटावरच्या चरबीचा विचार आईच्या पोषणापासून करावा लागतो.

रत्नागिरी जिल्हा : चिपळूण तालुक्यातील डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने किशोरवयीन मुलींचा, म्हणजे उद्याच्या आयांचा, दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला आहे.

कमरेचा घेर : भारतीय पुरुषांत ९० सेंमी ही मर्यादा, ७८ सेंमीपासूनच सावध व्हावे, असे २००९ ची सहमती सांगते. टेप शेवटची बरगडी व कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर लावावी. पट्टा बेंबीखाली बांधणाऱ्याच्या पँटची साईज हे माप नव्हे.

मर्यादा : स्नायू व चरबी यांत बीएमआय भेद करीत नाही.